माळ्यावरचं मुद्दल

गृहकर्ज हा काही हॉस्टेलच्या कट्ट्यावर चघळायचा विषय नाही, हे मान्य. तिथे विषय तीनच. मेसची भाजी, सबमिशन आणि केटी. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घराचा हप्ता जातो आणि आपली फी, आपली मेस ही त्यानंतर उरलेल्या पैशांतून भरली जाते. आपल्या सर-मॅडमपैकी आणि ऑफिस स्टाफपैकी किती जणांचा हप्ता चालू आहे, हे तर त्यांनाच विचारा! म्हणून हा लेख. यात आमच्या घरचे आकडे दिले आहेत, कारण आकड्यांशिवाय इंजिनिअरला काही पटत नाही.

२०२१ च्या फेब्रुवारीत बाबांनी सांगलीत दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. कर्ज २० लाख, मुदत १५ वर्षं, व्याज ७ टक्के, तेही फ्लोटिंग म्हणजे बदलतं. हप्ता बसला १७,९७७ रुपये. बाबा २०३६ मध्ये निवृत्त होणार आणि कर्जही त्याच वर्षी फिटणार, असा बेत होता. बाबांची नोकरी खासगी कंपनीतली, त्यामुळे मोठी पेन्शन नाही. पीएफ मिळेल त्यावर पुढचं आयुष्य आणि तोवर धाकट्या बहिणीचं शिक्षण.

हप्ता तोच, मुदत लांब

रिझर्व्ह बँक इतर बँकांना थोड्या मुदतीसाठी ज्या दराने पैसे देते, तो रेपो दर. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं अशा बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशीच, बांधलेली असतात. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५० टक्क्यांवर गेला. म्हणजे वाढ अडीच टक्के. आमचं ७ टक्क्यांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांचं झालं.

गंमत म्हणजे घरात कुणाला काही जाणवलं नाही. कारण बँकेने हप्ता वाढवलाच नाही, मुदत वाढवली. मोबाईलवर एक मेसेज आला आणि शंभर जाहिरातींच्या मेसेजांमध्ये बुडून गेला.

आता हिशेब बघा. दर टप्प्याटप्प्याने वाढला, पण सोपं जावं म्हणून सगळी वाढ दोन वर्षांनंतर एकदम झाली असं धरतो. त्या वेळी कर्ज शिल्लक होतं १८ लाख ३८ हजार. ७ टक्क्यांनी त्याचं महिन्याचं व्याज १०,७२१ रुपये होतं. म्हणजे १७,९७७ च्या हप्त्यातून ७,२५५ रुपये मुद्दलात जमा झाले असते. साडेनऊ टक्क्यांनी व्याज झालं १४,५५० च्या आसपास. मुद्दलात जाणार फक्त ३,४२६! हप्ता तोच, पण घर आपलं होण्याचा वेग निम्म्यापेक्षा कमी. उरलेले हप्ते १५६ होते, ते झाले २१०. चोपन्न महिने, म्हणजे साडेचार वर्षं जास्त. आणि ही साडेचार वर्षं बाबांच्या निवृत्तीनंतरची.

अडगळीचा इथे काय संबंध?

संबंध असा. हप्त्यातला व्याजाचा वाटा आधी कापला जातो, उरेल ते मुद्दलाला मिळतं. पण हप्त्याव्यतिरिक्त आपण जादा रक्कम भरली, तर ती सगळीच्या सगळी मुद्दलातून वजा होते. त्या रकमेवर पुढे लागणारं सगळं व्याज तिथेच थांबतं. म्हणून हप्ता तोच ठेवून त्या स्थितीत ४०,००० रुपये जादा भरले, तर २१० ऐवजी १९९ हप्ते उरतात. अकरा हप्ते गेले! अकरा हप्ते म्हणजे जवळजवळ दोन लाख रुपये. तेच ४०,००० कर्जाची शेवटची पाच वर्षं उरलेली असताना भरले, तर साडेतीनच हप्ते वाचतात. रक्कम तीच, फरक फक्त वेळेचा.

यावरून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. कर्ज चालू असताना घरात नुसती पडून असलेली विकण्याजोगी वस्तू फुकट पडून नसते. ती विकून आलेले पैसे कर्जात भरता आले असते आणि आपण ते भरत नाही, म्हणजे त्या वस्तूवर आपण साडेनऊ टक्के व्याज देतोय. शिवाय तिची किंमत दर वर्षी उतरतेय ती वेगळीच. धूळ खाणारी ट्रेडमिल दोन बाजूंनी खाते, धूळही आणि पैसेही.

२०२३ च्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही घर उपसलं. माळा, बाल्कनी, दिवाणाचा पोटमाळा, पार्किंग, सगळं. विक्री अशी झाली. बाबांची वापरात नसलेली स्कूटर १६,०००. ट्रेडमिल, जिच्यावर कपडे उत्तम वाळायचे, ८,५००. जुना टॅब ४,५००. दिवाण आणि एक टेबल ४,०००. कुणी वापरत नव्हतं ती पितळेची भांडी वजनावर ३,९००. इन्व्हर्टरची उतरलेली बॅटरी दुकानदाराकडे २,२००. माझी प्रवेश परीक्षेची पुस्तकं २,१००. रद्दी, लोखंड, ॲल्युमिनियम मिळून १,३००. बेरीज ४२,५००. टेम्पो, हमाली आणि स्कूटर चालू करण्याचा खर्च अडीच हजार. हातात आले बरोब्बर ४०,०००.

विकताना काय बघायचं

पहिलं म्हणजे वस्तू तीन ढिगांत वेगळ्या करायच्या. चालू स्थितीतल्या, वजनावर जाणाऱ्या आणि कुणाला तरी देऊन टाकायच्या. चालू वस्तू भंगारवाल्याला कधीच द्यायची नाही. तो ट्रेडमिलमधलं लोखंड बघतो, पळणारा पट्टा नाही. अशा वस्तूंसाठी सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप किंवा ओएलएक्ससारखी सोय बरी. फोटो दिवसाच्या उजेडात काढायचा आणि ओरखडा असेल तर तोही दाखवायचा. गिऱ्हाईक घरी येऊन परत जाण्यापेक्षा ते बरं.

दुसरं, पैसे घेताना. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. समोरचा ‘क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील’ म्हणाला, की समजायचं भामटा आहे. आम्हाला टॅबसाठी असा एक भेटला. आईने त्याला ‘रोख घेऊन ये रे बाबा’ म्हटल्यावर तो पुन्हा फिरकला नाही.

तिसरं, गाडी. नुसती किल्ली आणि आरसी बुक हातात देऊन चालत नाही. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओचं काम पूर्ण होऊ द्यायचं. नाहीतर उद्या त्या गाडीचा अपघात झाला, तर पोलीस कागदावरच्या मालकाच्या दारात येतात.

चौथं, वजन. काटा शून्यावर आहे का ते बघायचं आणि रद्दीचा गठ्ठा आधी घरी तोलून ठेवायचा. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड यांचे भाव एकमेकांपासून फार लांब असतात, म्हणून सगळं एका पोत्यात भरून द्यायचं नाही. आपण मटेरियल सायन्स शिकतो ते कधी कामाला येणार?

पाचवं, मोबाईल, टॅब, कॉम्प्युटर. विकण्याआधी त्यातली सगळी खाती काढून फॅक्टरी रीसेट करायचं. बंद मॉनिटर, सर्किट बोर्ड वगैरे अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्यायचं. उघड्यावर जाळून त्यातलं तांबं काढलं, तर तो धूर कुणाच्या तरी फुप्फुसात जातो. दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील.

जुने कपडे आईने बोहारणीला दिले आणि दोन तास घासाघीस करून एक स्टीलचं पातेलं घेतलं. अडगळ देऊन नवी अडगळ आणण्याची ही आपली खास मराठी पद्धत! पण तेवढा आनंद तिला असू दे.

आणि एक वस्तू विकली नाही. आजीचा तांब्याचा बंब. वजनावर त्याचे चांगले पैसे आले असते. बाबांनी भाव विचारून ठेवला होता. आई म्हणाली, “त्या बंबाच्या पाण्याने तुम्ही पाचही भावंडं न्हालात. हप्ता मी दुसरीकडून काढीन.” विषय संपला. प्रत्येक घरात अशी एखाददुसरी वस्तू असते, ती हिशेबाबाहेर ठेवावी. फक्त ‘एखाददुसरी’ म्हणता म्हणता माळा पुन्हा भरू नये, एवढंच.

बँकेत गेल्यावर

बँकेच्या फ्लोटिंग गृहकर्जात असे जादा पैसे भरल्याबद्दल दंड घेता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१२ पासून आहे. पण भरताना लेखी सांगायचं, ‘मुदत कमी करा, हप्ता तोच ठेवा’. नाहीतर हप्ता थोडा कमी होतो, मुदत तशीच राहते आणि व्याजातला फायदा बराचसा निघून जातो. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा कर्जाचा तक्ता मागून घ्यायचा.

आता खरं सांगायचं, तर ४०,००० रुपयांनी चोपन्नपैकी अकरा महिनेच परत आले. उरलेले त्रेचाळीस? माळा काही दर वर्षी भरत नाही. त्यासाठी बाबांनी बँकेत अर्ज देऊन हप्ताच २,१३४ रुपयांनी वाढवून घेतला, की झालं, पुन्हा २०३६. यातही अडगळीने मदत केली. स्कूटर गेली तसा तिचा विमा गेला. त्याच झपाट्यात कुणी न बघणारं डिश आणि वापरात नसलेलं एक सिमकार्ड बंद केलं. बाकीचे आईने घरखर्चातून काढले. ऑगस्ट २०२३ मध्ये तर रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यावा. तेव्हा घरी असा मेसेज आला तर तो वाचा! पुढे २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जूनमध्ये रेपो साडेसहावरून साडेपाचवर आला. दर उतरतो तेव्हा हप्ता कमी करून घेण्याचा मोह होतो. तो टाळला तर मुदत आपोआप आखूड होते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेडायची, तिचं व्याज गृहकर्जाच्या कितीतरी पट असतं. आणि दवाखान्यासाठी, अडीअडचणीसाठी काही महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच जादा पैसे भरायचे. कर्जात भरलेला पैसा रात्री दोन वाजता परत मिळत नाही.

आणि आपण हॉस्टेलवाले?

आपल्यापैकी अनेकांच्या नावावर शैक्षणिक कर्ज आहे. हप्ता अजून सुरू नसला, तरी बहुतेकांचं व्याज आतापासूनच मोजलं जातंय. आता कॉटखाली वाकून बघा. पहिल्या वर्षाचा मिनी ड्राफ्टर, दोन ॲप्रन, कूलर, स्टँडला गंजत पडलेली सायकल, चार सेमिस्टरची पुस्तकं. जुलैत नवीन मुलं येतात, त्यांना हेच सगळं दुकानातून पूर्ण किमतीला घ्यावं लागतं. त्यांना निम्म्या भावात द्या. त्यांचेही वाचतील. आलेले पैसे घरी पाठवा किंवा कर्जाच्या खात्यात भरा. पार्टी केलीत तरी मी काही बोलणार नाही, पण आधी अकरा हप्त्यांचं गणित एकदा कागदावर करून बघा.

सुट्टीत घरी गेलात की बाबांकडे कर्जाचा तक्ता मागा. शेवटच्या हप्त्याची तारीख बघा आणि त्या वर्षी बाबांचं वय किती असेल तेही मोजा. मग शिडी लावा आणि माळ्यावर चढा.