जुनी मोटारसायकल आणि तिची बॅटरी

गुहागरहून निघून चिपळूण, कऱ्हाड, विटा व जत या गांवांवरून विजापुराकडे जाणारा हमरस्ता आपल्या परिचयाचा आहे. हंगामांत या भागांतील रस्त्यांवर उसाच्या गाड्या रात्रीं उशिरापर्यंत चालत असतात. अशा वेळीं मोटारसायकलीचा पुढचा दिवा एकाएकीं मंद झाला किंवा मागचा तांबडा दिवा विझला, तर प्रसंग केवळ खोळंब्याचा राहत नाहीं. तो जिवावर बेततो. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यांतून १९९६ पर्यंत निघालेल्या जावा व येझदी, तसेंच जुन्या बुलेट व राजदूत गाड्या महाराष्ट्रांत अनेकांनीं जिव्हाळ्यानें जतन केल्या आहेत. यांचें इंजिन सहसा दगा देत नाहीं. दगा देतो तो विजेचा भाग. मालक नवी बॅटरी आणतो, थोड्याच दिवसांत तीही मरते, आणि सारा दोष बॅटरीच्या माथीं येतो. खरें कारण कसें शोधावें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, बॅटरी हें वीज निर्माण करणारें यंत्र नव्हे. तें विजेचें कोठार आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यानें १८५९ सालीं शिशाच्या पत्र्यांची अशी बॅटरी प्रथम सिद्ध केली. सौम्य गंधकाम्लांत शिशाचे पत्रे बुडविलेले असतात. प्रत्येक घरांतून सुमारें २ व्होल्ट दाब मिळतो. म्हणून तीन घरांची बॅटरी ६ व्होल्टची व सहा घरांची १२ व्होल्टची होते. इंजिन चालूं असतां डायनॅमो हें कोठार भरतो, आणि मध्यें असलेला कटआउट त्या वाटेवरचा द्वारपाल होय. तेव्हां दोष चार ठिकाणीं असूं शकतो: कोठारांत, भरणाऱ्यांत, द्वारपालांत किंवा खर्चांत.

शोधाचा आरंभ नेहमीं डोळ्यांनीं करावा. बॅटरीच्या टोकांवर पांढरी किंवा हिरवट भुकटी सांचली असल्यास वीज अडते. अर्थिंगची तार आधीं सोडून, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानें टोकें पुसावीं, पक्कीं आवळावीं व वर थोडें व्हॅसलीन लावावें. सोड्याचें पाणी बॅटरीच्या आंत मात्र जाऊं देऊं नये. अर्थिंगची तार सांगाड्याला जेथें बसते, तेथील गंज व रंग खरवडून काढावा. पुष्कळदां रोग येथेंच बरा होतो.

नंतर पाणी पाहावें. पत्रे पूर्ण बुडालेले असावेत. आपल्याकडील कडक उन्हाळ्यांत पाणी लवकर आटतें. पण उडून जातें तें पाणी, आम्ल नव्हे. म्हणून केवळ डिस्टिल्ड वॉटरच घालावें. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यांतील क्षार पत्र्यांचा नाश करतात. विटें व आसपासच्या गांवांतील कित्येक घराण्यांचा सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय देशभर पसरला आहे. तेजाबाशीं कसें वागावें, हें त्या घरांतील मुलांस सांगावयास नकोच. इतरांनीं मात्र डोळे व हात जपावे. चार्जिंग चालूं असतां बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. जवळ काडी ओढल्यास तो स्फोट पावतो.

आतां मीटर लावावा. बॅटरी बाहेर पूर्ण चार्ज करवून रात्रभर स्वस्थ ठेवावी. सकाळीं १२ व्होल्टच्या बॅटरीनें सुमारें १२.६ आणि ६ व्होल्टच्या बॅटरीनें सुमारें ६.३ दाखवावें. हा आंकडा बराच खालीं आला, किंवा दिवा लावतांच तो कोसळला, तर बॅटरी खरोखरच निकामी झाली असें समजावें. ती चांगली ठरली, तर इंजिन सुरू करून वेग वाढवावा. मग आंकडा १३.५ ते १४.५ पर्यंत, आणि ६ व्होल्टच्या गाडींत सुमारें ७ पर्यंत, चढला पाहिजे. तो चढलाच नाहीं तर चार्जिंग होत नाहीं. उलट १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. त्यामुळें पाणी उकळतें व बल्ब वारंवार जळतात.

जुन्या जावा गाडींत चावी फिरवितांच तांबडा दिवा लागतो व वेग वाढतांच विझतो. तो विझला नाहीं, तर डायनॅमो उघडून पाहावा. कार्बन झिजले असल्यास बदलावे. ते ज्या तांब्याच्या कड्यावर घासतात तें कडें काळें पडलें असल्यास बारीक काचकागदानें स्वच्छ करून त्याच्या खांचा मोकळ्या कराव्या. कटआउटचे पॉइंट जुळत नसतील तर वीज बॅटरीपर्यंत पोंचत नाहीं. ते चिकटून बसले तर इंजिन बंद असतां वीज उलट डायनॅमोंत वाहून जाते. ज्या गाड्यांत आल्टरनेटर आहे, तेथें ही जागा रेक्टिफायर घेतो.

गाडी नुसती उभी असतांच बॅटरी उतरत असेल, तर कोठें तरी गळती आहे. चावी बंद करून एक टोक सोडावें व तें टोक आणि तार यांच्यामध्यें एक लहान बल्ब जोडावा. बल्ब पेटला तर एकेक तार सोडून पाहावी. जी सोडतां तो विझेल, तिच्यांत दोष आहे.

शेवटीं जमाखर्च मांडावा. ३५ वॅटचा बल्ब ६ व्होल्टवर जवळजवळ ६ अँपिअर वीज खातो. त्यावर मोठा बल्ब व कर्कश हॉर्न बसविला, आणि गाडी केवळ बाजारापुरती हळूहळू चालविली, तर खर्च जमेहून अधिक होतो. तेथें डायनॅमोचा कांहींच अपराध नसतो.

जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकूं नये, कीं घरीं फोडूं नये; शिसें हें विष आहे. २०२२ च्या नियमांनीं ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे; म्हणून ती दुकानदाराकडे परत द्यावी. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, पैसे खर्चण्यापूर्वीं मीटर लावणें आणि तर्क करण्यापूर्वीं पाहणें, हाच शास्त्राचा मार्ग होय. या क्रमानें तपासलेली गाडी रात्रीच्या रस्त्यावर आपल्या मालकास बहुधा अंधारांत सोडणार नाहीं.