शिवाराची पाहणी आणि सर्वांचा खुला नकाशा

आपल्या गावच्या शिवाराची खडान्‌खडा माहिती गावकऱ्यास असते. कोणता ओढा कोठे उताराचा आहे, मृगाचा पाऊस पडल्यावर कोणत्या पाणंदीत गाडी रुतते, कोणत्या विहिरीस वैशाखातही घागरभर पाणी राहते, हे त्यास कोणी सांगावे लागत नाही. परंतु ही माहिती जोपर्यंत केवळ त्याच्या स्मरणात आहे, तोपर्यंत बाहेरून मदतीस येणाऱ्या माणसास तिचा काहीच उपयोग होत नाही. संकटाच्या वेळी तर ही उणीव विशेष जाणवते.

सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या धाराशिव जिल्ह्यात, विशेषतः परंडा व भूम या तालुक्यांत, अतिवृष्टी झाली. नद्या व ओढे यांना पूर येऊन शेतातील कित्येक वस्त्या पाण्याने वेढल्या गेल्या, आणि तेथील कुटुंबांना बाहेर काढण्यासाठी बचाव पथके व हेलिकॉप्टर यांचे साहाय्य घ्यावे लागले. अशा प्रसंगी दूरध्वनीवरून ‘अमक्याच्या वस्तीवर माणसे अडकली आहेत’ एवढेच कळते. ती वस्ती गावाच्या कोणत्या अंगास आहे, तेथे जाणारी वाट ओढ्याच्या अलीकडून जाते की पलीकडून, हे बाहेरच्या पथकास ठाऊक नसते. वस्ती नकाशावर नोंदलेली असेल तर हा वेळ वाचतो, आणि पुराच्या वेळी वाचलेली घटकादेखील मोलाची असते.

ही नोंद करण्याचे एक साधन आज प्रत्येक गावाच्या आवाक्यात आहे. ते म्हणजे ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा सर्वांनी मिळून तयार केलेला खुला नकाशा होय. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी शिवाराची पाहणी करून तिची माहिती या नकाशावर कशी चढवावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

हा नकाशा कोणाचा?

ओपनस्ट्रीटमॅपचा आरंभ २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी केला. त्यामागील कल्पना अगदी साधी आहे. ज्याला आपला परिसर माहीत आहे त्याने तो नकाशावर नोंदवावा, दुसऱ्याने त्यातील चूक सुधारावी आणि सिद्ध झालेला नकाशा सर्वांना विनामूल्य वापरता यावा. २०१२ पासून ही माहिती एका खुल्या परवान्याखाली दिली जाते. तिचा उपयोग कोणीही करू शकतो. मात्र ती कोठून घेतली याचा उल्लेख केला पाहिजे, आणि तिच्यात भर घालून ती इतरांस दिली तर ती भरही तशीच खुली ठेवली पाहिजे.

अशा नकाशाचे महत्त्व मोठ्या आपत्तींत दिसून आले आहे. जानेवारी २०१० मध्ये हैती देशात भूकंप झाला तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून तेथील रस्ते व इमारती थोड्याच दिवसांत नकाशावर आणल्या, आणि मदत पथकांनी त्या नकाशाचा आधार घेतला. नेपाळमध्ये एप्रिल २०१५ च्या भूकंपापूर्वीच काठमांडूतील तरुणांनी शाळा व रुग्णालये नोंदण्याचे काम हाती घेतले होते. ती पूर्वतयारी पुढे कामी आली. त्याच वर्षाच्या अखेरीस चेन्नईच्या महापुरात पाण्याखाली गेलेले रस्ते नागरिकांनी याच नकाशाच्या आधारे एकमेकांस दाखविले. या उदाहरणांवरून एवढे ध्यानी घ्यावे की नकाशा संकटापूर्वी तयार असावा लागतो. घर पेटल्यावर विहीर खणून भागत नाही.

आपल्या जिल्ह्यात उणीव कोणती?

मोठे रस्ते, शहरे व तलाव नकाशावर पुष्कळसे आलेले असतात, कारण ते आकाशातून घेतलेल्या चित्रात स्पष्ट दिसतात. ज्या गोष्टी चित्रात दिसत नाहीत त्या जागेवर जाऊनच नोंदाव्या लागतात. वस्तीचे नाव चित्रात दिसत नाही. विहीर दिसली तरी ती बारमाही आहे की हंगामी, हे दिसत नाही. उन्हाळ्यात घेतलेल्या चित्रात ओढ्याचे कोरडे पात्र पांढऱ्या पट्ट्यासारखे दिसते, आणि दूर देशी बसलेला स्वयंसेवक त्यास गाडीवाट समजून रस्ता म्हणून रेखाटतो. उलट, झाडोऱ्याखालची खरी पाणंद त्याच्या दृष्टीस पडत नाही.

उमरगा व लोहारा या तालुक्यांत आणखी एक बाब लक्षात ठेवणे अवश्य आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन करण्यात आले. त्यामुळे एकाच नावाची दोन ठिकाणे झाली. एक पडके गावठाण, दुसरे नांदते गाव. नकाशात गावाचे नाव जुन्या जागेवर राहिले असेल तर परक्या वाहनचालकास ते ओसाड जागी घेऊन जाईल. अशा ठिकाणी जुने गावठाण ‘ओसाड’ म्हणून नोंदवावे आणि गावाचे नाव जेथे आज माणसे राहतात तेथेच द्यावे. जुनी जागा पुसून मात्र टाकू नये. तीही गावाच्या इतिहासाचा भाग आहे.

नावासंबंधीही हाच नियम पाळावा. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले. नकाशात चालू नाव मुख्य रकान्यात आणि पूर्वीचे नाव ‘जुने नाव’ या रकान्यात ठेवण्याची सोय आहे. जुने कागद वाचणाऱ्यास दोन्ही नावांनी ठिकाण सापडले पाहिजे.

पाहणीत काय नोंदवावे?

सर्वच गोष्टी एकदम हाती घेऊ नयेत. पुढील क्रम सोयीचा पडतो.

१. वस्त्या : वस्तीचे लोकांच्या तोंडी असलेले नाव आणि तेथे जाण्याची वाट.

२. पाणंदी व शिवरस्ते : वाट मातीची, मुरुमाची की डांबरी, ट्रॅक्टर जातो की केवळ पायवाट आहे, काळ्या जमिनीतून जाणारी असल्यास पावसाळ्यात चालू राहते की बंद पडते.

३. ओढे व नाले ओलांडण्याच्या जागा : पूल, नळकांडी पूल, फरशी पूल की नुसता उतार, पुरात पाण्याखाली जातो किंवा कसे.

४. पाण्याचे साठे : सार्वजनिक विहिरी, हातपंप, पाझर तलाव, सिमेंट नाला बंधारे, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, पाणी बारमाही की हंगामी. १९७२ च्या दुष्काळात खोदलेले कित्येक पाझर तलाव आज गाळाने भरले आहेत. तलाव म्हणून त्यांची नोंद करताना पाणी किती महिने टिकते तेही विचारावे.

५. सार्वजनिक जागा : शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, पशुवैद्यकीय दवाखाना, ग्रामपंचायत, गोदाम, आणि पुराच्या वेळी आसरा घेता येईल अशी उंचावरील मंदिरे व सभागृहे.

पाहणीची रीत

शिवारफेरी वर्षातून दोनदा करावी. एक पावसाळ्यात, वाटा व उतार पाहण्यासाठी. दुसरी वैशाखात, पाणी पाहण्यासाठी. फेरीत गावातील एखादे वृद्ध शेतकरी, पाणी भरणाऱ्या भगिनी, मेंढपाळ आणि टंचाईच्या काळात टँकर चालविणारा चालक यांना सोबत घ्यावे. प्रत्येकाची माहिती निराळी असते आणि ती एकमेकींस पूरक असते.

या बाबतीत स्वतःची एक चूक सांगणे अप्रस्तुत होणार नाही. एका गावचा नकाशा करताना प्रस्तुत लेखकाने कार्यालयातील यादीवर विसंबून एका ओढ्यावर ‘पूल’ अशी नोंद केली. छापील नकाशा चावडीवर मांडला तेव्हा एक म्हातारबाबा त्यावर बोट ठेवून म्हणाले, “साहेब, हा पूल तुम्ही भाद्रपदात पाहिला नाही. दोन दिवस पाऊस लागला की तो दिसतच नाही.” जागेवर जाऊन पाहिले तो तेथे गुडघाभर उंचीचा फरशी पूल होता. त्या नोंदीवर भरवसा ठेवून एखादी रुग्णवाहिका रात्री तिकडे वळली असती तर काय झाले असते, हा विचार तेव्हापासून मनातून जात नाही. यादी ही पाहणीची सुरुवात असते. ती पाहणीची जागा घेऊ शकत नाही.

जागेची नोंद घेण्यास साधा स्मार्टफोन पुरतो. उघड्या माळावर त्याने दाखविलेले स्थान बहुधा तीन ते दहा मीटरपर्यंत चुकते. दाट झाडाखाली किंवा भिंतीलगत चूक वाढते. म्हणून वस्तूजवळ मोकळ्या जागी मिनिटभर उभे राहावे, आकडा स्थिर झाल्यावरच नोंद करावी आणि छायाचित्र घ्यावे. वहीत अक्षांश व रेखांश लिहिताना दशांश चिन्हापुढे पाच अंक घ्यावेत. पाचवा अंक सुमारे एका मीटरचे अंतर दाखवितो. तीनच अंक लिहिले तर स्थान शंभर मीटरपर्यंत सरकू शकते. आपल्या जिल्ह्यात अक्षांश १८ च्या आणि रेखांश ७६ च्या आसपास येतो. हे दोन आकडे उलटसुलट लिहिले गेल्यास गावची विहीर उत्तर ध्रुवाकडील समुद्रात जाऊन पडते! अशी चूक वारंवार होते, म्हणून प्रत्येक पानावर रकाने आधीच आखून ठेवावेत.

नकाशावर नोंद चढविणे

ओपनस्ट्रीटमॅपवर खाते विनामूल्य उघडता येते. संगणकावर ‘आयडी’ नावाचे संपादन साधन संकेतस्थळावरच मिळते. मोबाईलवर ‘स्ट्रीटकम्प्लीट’ हे ॲप सोपे प्रश्न विचारून नोंद करून घेते, तर ‘एव्हरी डोअर’ या ॲपने नवी ठिकाणे घालता येतात. वस्तूचा प्रकार निवडावा, नाव देवनागरीत लिहावे, इंग्रजी नावासाठी असलेल्या रकान्यात रोमन लिपीतील नाव द्यावे, आणि शेवटी ‘जागेवर पाहणी करून नोंद केली’ असा शेरा लिहून जतन करावे. आपली नोंद लगेच सर्वांना दिसू लागते. प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो, त्यामुळे चूक झाल्यास पूर्वस्थिती आणता येते. नवख्यांनी भिण्याचे कारण नाही. मात्र दुसऱ्याची नोंद पुसण्यापूर्वी त्यास संदेश पाठवून विचारावे.

एखाद्या योजनेच्या पाहणीतील शेकडो नोंदी एकदम चढवावयाच्या असतील तर निराळी रीत पाळावी लागते. प्रथम, माहिती ज्या कार्यालयाची किंवा संस्थेची आहे तिची लेखी परवानगी घ्यावी. नंतर नकाशाच्या स्वयंसेवकांपुढे आपली योजना मांडावी. नकाशावर आधीच असलेल्या विहिरी व शाळा यांच्याशी आपली यादी ताडून पाहावी, नाही तर एकाच विहिरीच्या दोन विहिरी होतात. आणि आरंभी एकाच गावच्या नोंदी चढवून त्या तपासून घ्याव्यात.

काय नोंदवू नये?

दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून किंवा हक्क राखून ठेवलेल्या छापील नकाशावरून नावे वा रेषा उतरवून घेऊ नयेत. खातेदारांची नावे, दूरध्वनी क्रमांक, कोणाच्या घरी कोण राहते, अशी खाजगी माहिती घालू नये. वस्तीस एखाद्या घराण्याचे नाव असेल तर ते ठिकाणाचे नाव म्हणून चालते. तरीही तेथील लोकांना आधी विचारावे.

बांधाच्या व गटाच्या हद्दी या नकाशावर रेखाटू नयेत. हा नकाशा भूमि अभिलेख नव्हे. बांधाचा तंटा मिटविण्याचा अधिकार त्यास नाही, आणि दहा मीटर चुकणाऱ्या साधनाने बांध मोजू लागल्यास मिटलेले तंटे पुन्हा उभे राहतील. हद्दीच्या मोजणीसाठी संबंधित खात्याकडेच रीतसर अर्ज करावा.

उपयोग

हा नकाशा ‘ऑरगॅनिक मॅप्स’ किंवा ‘ऑसमँड’ या ॲपमध्ये आधी उतरवून घेतल्यास जाळे बंद असतानाही चालतो. मनोरे बंद पडलेल्या पूरग्रस्त भागात ही सोय फार मोलाची आहे. याखेरीज टंचाईत टँकरचे मार्ग ठरविणे, पाणंद दुरुस्तीची कामे क्रमाने लावणे आणि पाणलोटातील बंधारे एका दृष्टिक्षेपात पाहणे, या कामीही तो उपयोगी पडतो. नकाशाची एक मोठी प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी. ज्यांच्या हाती मोबाईल नाही त्यांनाही तीवर बोट ठेवून चूक दाखविता येते, आणि नकाशाची खरी तपासणी तेथेच होते.

हे काम एका दिवसाचे नाही व एकट्याचेही नाही. प्रत्येक गावाने या पावसाळ्यापूर्वी निदान आपल्या सर्व वस्त्या आणि ओढ्यावरील सर्व उतार एवढे तरी नोंदवून पुरे करावेत. वहीत पहिली नोंद आपल्या शिवारातील सर्वांत दूरच्या वस्तीची असावी. कारण पाणी वाढले म्हणजे मदत शेवटी पोहोचते ती तेथेच.