स्नायडर बंदुकीचा कालनिर्णय व जतन

घोटीच्या परिसरातील एका गृहस्थांनी आपल्या माळ्यावरील जुनी बंदूक प्रस्तुत लेखकास दाखविली. घोडा ज्या पट्टीवर बसविलेला असतो, त्या पट्टीवर मुकुटाचे चिन्ह, ‘टॉवर’ हा शब्द व १८५८ हा सन कोरलेला आहे. ही बंदूक भागोजी नाईकाच्या बंडातील (१८५७–५९), अशी घरची परंपरा. ती घासूनपुसून, दुरुस्त करून निदान एक बार काढावा, अशी त्यांची इच्छा. परंपरा व इच्छा या दोहोंचा विचार येथे कर्तव्य आहे.

१८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड ही ठासणीची बंदूक होय. नळीत पिळाचे आटे, व्यास .५७७ इंच. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) ही विलायती एन्फील्ड व तेथील .५८ इंची स्प्रिंगफील्ड या दोन्ही बंदुका विपुल वापरल्या गेल्या. युद्धान्ती दोन्ही देशांपुढे एकच प्रश्न उभा राहिला : मागून भरण्याच्या बंदुकांचा काळ आला असता कोठारांतील ठासणीच्या बंदुकांचे काय करावे? स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात ॲलिन याने जुन्या नळीस मागे वर उघडणारे झाकण बसविले. इंग्लंडने जेकब स्नायडर या अमेरिकनाची युक्ती १८६६ साली स्वीकारली. नळीचा मागील भाग कापून तेथे उजवीकडे उघडणारा बिजागरीचा ठोकळा बसवावयाचा. घोडा, पट्टी व दस्ता जुनेच. स्नायडर त्याच वर्षी वारला. पुढे १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री स्वीकारली गेल्यावर स्नायडर क्रमाने हिंदी पलटणींकडे उतरली.

सदर बंदुकीस हा बिजागरीचा ठोकळा आहे. अर्थात पट्टी १८५८ ची असली तरी आजच्या रूपातील बंदूक १८६६ पूर्वीची असणे अशक्य. भागोजी नाईक तर १८५९ मध्येच मारला गेला होता. पोथीसंग्राहकांस हा प्रकार अपरिचित नाही. पुष्पिकेतील शक जुन्या पानाचा असतो, परंतु मधली पाने मागाहून लिहून घातलेली असतात. पुष्पिका खोटी नसते. ती सर्व पोथीस लागू पडत नाही, इतकेच. एन्फील्ड असतानाची ही बंदूक त्या बंडात कोणाच्या हाती होती, हे पट्टीवरील सन सांगू शकत नाही. घरची परंपरा परंपरा म्हणून नोंदवावी. तिला पुरावा म्हणू नये.

आता बार काढण्याविषयी. अमेरिकेत १८९८ पर्यंत घडलेल्या बंदुका केंद्रीय कायद्याच्या बहुतेक बंधनांतून मुक्त आहेत. १९५० मध्ये स्थापन झालेल्या नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशनचे सभासद यादवी युद्धकालीन बंदुका व त्यांच्या प्रतिकृती काळ्या दारूने चालवितात. सोरा, कोळसा व गंधक यांच्या या दारूचा दाब मर्यादित असतो. आधुनिक निर्धूम दारू घातल्यास जुनी नळी फुटून चालविणाऱ्याचाच घात होईल. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधील सूट जुन्या बंदुकीस तेव्हाच मिळते, जेव्हा ती दुरुस्त करूनही चालण्याजोगी नसते. म्हणून दुरुस्तीचा खटाटोप आरंभण्यापूर्वीच पोलीस ठाण्यास वस्तू कळवून तिची स्थिती ठरवून घेणे अवश्य आहे.

घासण्याचे तर नावच नको. कुरुंदाच्या कागदाने गंज जातो, परंतु त्याबरोबर मुकुट, सन व तपासनिसांचे बारीक ठसेही जातात. हा पुराव्यास शब्दशः हरताळ फासणे होय. हरताळाखालची अक्षरे कधी वाचता तरी येतात, घासलेला ठसा पुन्हा येत नाही.

जतनाचा मार्ग साधा आहे. जुनी बंदूक नेहमी भरलेलीच समजावी आणि जाणत्या परवानाधारक कारागिराकडून ती रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी. ठासणीच्या बंदुकीत तर पिढ्यान्‌पिढ्या राहून गेलेला बार असू शकतो. मग मऊ कोरड्या फडक्याने धूळ काढून लोखंडास खनिज तेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल वा तिळाचे तेल वापरू नये, ते चिकटून बसते. दस्त्यास तेल लावू नये. चामड्याच्या म्यानात ओल धरते, आणि घोटी-इगतपुरीच्या पावसाळ्यात ती लवकर हटत नाही. म्हणून बंदूक उघड्या हवेशीर कपाटात ठेवावी. मापे, ठसे व छायाचित्रे यांची नोंद आधी करावी.

त्या गृहस्थांस निष्कर्ष ऐकून क्षणभर वाईट वाटले. परंतु आणलेला कुरुंदाचा कागद त्यांनी परत नेला, आणि बंदुकीवरील अक्षरे शाबूत राहिली.