गटात शिकायचं, एकट्यानं फेडायचं

छप्पन्न वर्षांचा एक बसचालक. गेला महिनाभर जिना चढताना त्याला धाप लागते, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही, संध्याकाळी बूट घट्ट होतात. टेबलाभोवती सात-आठ विद्यार्थी आहेत. मेडिकलला येऊन त्यांना जेमतेम महिना झालाय आणि हृदयाचा धडा अजून कुणी शिकवलेला नाही. एकजण फळ्यावर तीन रकाने आखतो : काय माहीत आहे, काय असू शकेल, काय माहीत नाही. पाय का सुजतात? आडवं झालं की धाप का वाढते? पाणी फुप्फुसात येतं ते नेमकं कुठून? ट्यूटर ऐकत असतात. त्यांच्याकडे उत्तर मागितलं तर बहुधा आणखी एक प्रश्न मिळतो. तिसरा रकाना भरला की सगळे उठतात, तो वाचून काढतात, दोन-तीन दिवसांनी परत येऊन एकमेकांना समजावून सांगतात. मग केसचं पुढचं पान उघडतं आणि एक्स-रे, ईसीजी समोर येतात.

हे प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग, म्हणजे पीबीएल. कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात मॅकमास्टर विद्यापीठानं १९६९ मध्ये पहिल्या वीस विद्यार्थ्यांना घेऊन ते सुरू केलं. संस्थापक डीन जॉन इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षं शरीररचना, मग रुग्ण, हा क्रमच मोडला. पुढे नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टनं, ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलनं आणि १९७९ मध्ये अमेरिकेच्या न्यू मेक्सिको विद्यापीठानं ही वाट धरली. न्यू मेक्सिकोचा हेतू मला विशेष महत्त्वाचा वाटतो. तिथे गावोगावी काम करणारे प्राथमिक उपचारांचे डॉक्टर घडवायचे होते, आणि त्यासाठी विद्यार्थ्यांना लवकर गावात पाठवायचं होतं.

या पद्धतीचा फायदा किती, यावर चाळीसेक वर्षं वाद चालू आहे. १९९३ मधल्या दोन मोठ्या आढाव्यांत साधारण एकच चित्र दिसलं : रुग्णासमोरच्या कामात ही मुलं बरोबरीची किंवा थोडी सरस, मूलभूत विज्ञानाच्या परीक्षांत काहीशी मागे. २००८ च्या एका आढाव्यानं डॉक्टर झाल्यावर काय उरतं ते तपासलं. संवाद साधणं आणि अनिश्चिततेत न गोंधळणं यांत पीबीएलचा ठसा टिकलेला दिसला. मॅकमास्टरनंही एक धडा घेतला. तिथे लेखी परीक्षाच नव्हत्या. १९८० च्या दशकाअखेर कॅनडाच्या परवाना परीक्षेत त्यांची मुलं मागे पडू लागली, तेव्हा ठरावीक काळानं आपण कुठवर आलो ते दाखवणारी चाचणी त्यांनी सुरू केली. पद्धतीवर विश्वास ठेवूनही चूक दुरुस्त करणारं कॉलेज मला जास्त भरवशाचं वाटतं.

आता कॉलेजच्या निवडीकडे येऊ. अमेरिकेत बहुतेक कॉलेजं आपल्या माहितीपत्रकात ‘लहान गट’, ‘केसवर आधारित शिक्षण’ असं लिहितात. त्यातलं सगळं पीबीएल नसतं. हार्वर्डनं १९८५ मध्ये ‘न्यू पाथवे’ सुरू करून पीबीएलला प्रतिष्ठा दिली, पण २०१५ मध्ये तिथेही अभ्यासक्रम बदलून आधी घरी वाचून मग वर्गात केस सोडवायची पद्धत आली. म्हणून मुलाखतीच्या दिवशी तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारावं. आठवड्यातून किती वेळा गट बसतो? गटात किती जण? ट्यूटर प्राध्यापक असतात की वरच्या वर्षाचे विद्यार्थी? व्याख्यानं खरोखर कमी झाली आहेत, की व्याख्यानं तशीच ठेवून वर गट चढवले आहेत? हा शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी. दोन्हींचा भार एकत्र आला की रात्री वाचायला वेळच उरत नाही, आणि पीबीएलचं सगळं शिक्षण त्या वाचण्यात आहे. कुणीतरी क्रमानं समजावून दिलं तरच ज्याच्या डोक्यात विषय बसतो, त्यानं या पद्धतीच्या मोहात पडू नये. त्यात कमीपणा काही नाही.

पैशाचा विचार मात्र बहुतेक घरांत प्रवेश मिळाल्यावर सुरू होतो. माझ्या मते तो कॉलेजांची यादी करतानाच व्हायला हवा, कारण कर्जाचा आकार पुढे मूल कुठली शाखा निवडेल हेही ठरवतो. न्यू मेक्सिकोला हवे होते तसे गावात जाणारे डॉक्टर मोठ्या कर्जाखाली तयार होणं कठीण.

क्लीव्हलँड क्लिनिकचं लर्नर कॉलेज हे एक टोक. केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाशी जोडलेल्या या कॉलेजची पहिली तुकडी २००४ मध्ये आली. दर वर्षी फक्त बत्तीस विद्यार्थी, अभ्यासक्रम पाच वर्षांचा, त्यात संशोधन सक्तीचं. गुण नाहीत, क्रमांक नाहीत, शिक्षण पीबीएलचं. २००८ पासून तिथे प्रत्येकाला पूर्ण फीची शिष्यवृत्ती मिळते. राहण्या-जेवण्याचा खर्च मात्र पाच वर्षांचा, आणि ज्याला संशोधनात रस नाही त्याला ते जादा वर्ष जड जाईल. दुसरीकडे फ्लोरिडात ब्रॅडेन्टनला लेक एरी कॉलेज ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची शाखा आहे. तीही २००४ पासूनची, पीबीएलवरच चालणारी, आणि इतर खासगी कॉलेजांच्या मानानं फी बरीच कमी. पदवी एमडी नसून डीओ आहे. अमेरिकेत दोघांनाही डॉक्टरकीचा परवाना सारखाच मिळतो आणि रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतर इस्पितळात मिळणाऱ्या प्रशिक्षणाची, मान्यता २०२० पासून एकाच व्यवस्थेत आली आहे. इकडच्या नातेवाइकांना ही पदवी अनोळखी वाटते, एवढ्यासाठी ती यादीतून काढू नये.

बहुतेकांना कर्ज घ्यावंच लागतं, आणि त्याचे नियम नुकतेच बदलले आहेत. २००६ पासून ‘ग्रॅड प्लस’ या सरकारी कर्जातून कॉलेज सांगेल तेवढा पूर्ण खर्च भागवता येत असे. २०२५ च्या कायद्यानं १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ते बंद केलं. मेडिकलच्या विद्यार्थ्याला आता सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच. खासगी कॉलेजात चार वर्षांचा एकूण खर्च साडेतीन लाखांवर सहज जातो. उरलेली रक्कम खासगी बँकेकडून घ्यायची तर सहसा जामीनदार लागतो, म्हणजे बहुधा आई-वडीलच.

सरकारी आणि खासगी कर्जातला फरक व्याजदरापुरता नाही. सरकारी कर्जाचा हप्ता उत्पन्नानुसार बांधून घेता येतो. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत काम करत १२० पात्र हप्ते भरले तर उरलेलं कर्ज माफ होतं, आणि शिकवणारी बहुतेक इस्पितळं ना-नफा असल्यानं रेसिडेन्सीची वर्षंही त्यात धरली जातात. खासगी कर्जाला यातलं काही लागू नाही. २ लाख डॉलरवर ८ टक्क्यांनी वर्षाचं व्याजच १६ हजार होतं, आणि रेसिडेंटचा पगार करापूर्वी ६०-७० हजारांच्या आसपास असतो. गटात शिकलेल्या त्या सात-आठ जणांपैकी प्रत्येकाला हा हिशेब एकट्यानं सोडवायचा असतो. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर ही शिष्यवृत्ती फी आणि मासिक खर्च देते, बदल्यात डॉक्टर कमी असलेल्या भागात प्राथमिक उपचारांची सेवा मागते. ज्याला तसंही गावात जायचंय, त्याला याहून चांगला मार्ग मला दिसत नाही.

अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांना आणखी एक अडचण भेडसावते. एच-१बी व्हिसावर गेलेल्या आई-वडिलांचं मूल तिथेच शाळा शिकतं, पण ग्रीन कार्डाची रांग संपत नाही. एकविसाव्या वर्षी ते आश्रित म्हणून राहू शकत नाही. अमेरिकेत मेडिकल सुरू होतं साधारण बाविसाव्या वर्षी, चार वर्षांच्या पदवीनंतर. लहानपणापासून तिथे वाढलेलं मूल अर्ज करताना परदेशी विद्यार्थी ठरतं. सरकारी कर्ज नाही, वर सांगितलेली शिष्यवृत्ती नाही, अनेक राज्य विद्यापीठांची दारं बंद. काही कॉलेजं तर चारही वर्षांचे पैसे आधी दाखवा म्हणतात. सीमेपलीकडे कॅनडात ओंटारिओ सरकारनं २०२४ मध्ये जाहीर केलं, की २०२६ पासून मेडिकलच्या ९५ टक्के जागा प्रांतातल्या रहिवाशांना आणि उरलेल्या बाकीच्या कॅनडातल्यांना मिळतील. मॅकमास्टरही त्यात आलं. अशा घरांनी मूल अकरावी-बारावीत असतानाच आपला व्हिसा, राज्य आणि परदेशी विद्यार्थी घेणारी कॉलेजं यांचा एकत्र विचार करायला हवा.

प्रवेशाचं पत्र आल्यावर आर्थिक मदत विभागाकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात : सगळ्या वर्षांचा खर्च राहण्या-जेवणासह; शिष्यवृत्ती एका वर्षापुरती की अभ्यासक्रम संपेपर्यंत; आणि आजारपणामुळे एखादं वर्ष लांबलं तर शिष्यवृत्तीचं आणि सरकारी कर्जाच्या मर्यादेचं काय होतं. उत्तरं हातात आल्याशिवाय आई-वडिलांनी खासगी कर्जावर सही करू नये.