रात्री दूरचे केंद्र जवळ का येते?



आजच्या विषयाची सुरवात मी एका बिघडलेल्या रेडिओपासून करणार आहे. तो बिघडलेलाच नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. कारण तेच कळायला आमच्या घराला दोन वर्षे आणि बरेच रुपये लागले.

१९८० च्या आसपासची गोष्ट. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावी वडिलांनी कांद्याच्या पैशातून एक ट्रान्झिस्टर आणला. दुपारी पुणे केंद्र कसे खणखणीत लागे. पण दिवेलागण झाली, बाजारभाव आणि शेतीचा कार्यक्रम ऐकायला चार माणसे ओट्यावर जमली, की निवेदकाचा आवाज हळूहळू खाली जाई, घोगरा होई, मग नाहीसाच होई. अर्ध्या-एक मिनिटाने पुन्हा वर येई. नेमका कांद्याचा भाव सांगतानाच तो बुडी मारतो, असा वडिलांचा अनुभव होता. बुडी मारली की सुईच्या जरा डावीकडून एक कानडी गृहस्थ बोलू लागत. वडील वारकरी. ते म्हणत, "विठोबाच कानडा, त्याला कोण अडवणार? पण भाव तरी सांगू द्यावा."

मग तो रेडिओ पिशवीत घालून एस.टी.ने नगरला न्यायचा. दुकानात भरदुपारी लावला की उत्तम वाजे. तरी दुरुस्ती करणाराने एक भाग बदलला, पैसे घेतले. घरी आणला, रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस तो कंटाळून म्हणाला, "रेडिओ चांगलाय बाबा, तुमचं गावच खराब आहे." विनोदाने बोलला, पण सत्याच्या बराच जवळ गेला होता. आमचे गावच काय, नगर शहरही पुण्यापासून अशा अंतरावर आहे की तिथे हा प्रकार व्हायचाच.

तो कसा, हे समजण्यासाठी मध्यमलहरींच्या दोन वाटा लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली वाट जमिनीची. केंद्राच्या मनोऱ्यातून निघालेली लहर जमिनीला धरून सरपटत जाते आणि वाटेत माती तिची शक्ती शोषते. ओल्या, खारट जमिनीवरून ती दूर जाते; कोरड्या, खडकाळ मुलखात लवकर थकते. समुद्रावरून सर्वांत लांब जाते. ही लहर दिवसा-रात्री सारखीच असते. दुसरी वाट आकाशाची. मनोऱ्यातून तिरपी वर गेलेली लहर सुमारे १०० किलोमीटर उंचीवरच्या विद्युत्भारित थरावर आपटून खाली परतते. वातावरणाच्या या वरच्या भागाला आपण आयनांबर म्हणतो. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी तिथल्या विरळ वायूचे अणू फुटतात, मोकळे इलेक्ट्रॉन सुटतात, आणि हे इलेक्ट्रॉन लहरीला वळवून परत पाठवतात.

आता कोणीही विचारील की, हे सूर्यामुळे होते तर आकाशाची वाट दिवसा अधिक चांगली असावी. प्रत्यक्षात उलट घडते. कारण दिवसा या आरशाच्या खाली, ६० ते ९० किलोमीटर उंचीवर, आणखी एक थर तयार होतो. तिथे हवा त्यामानाने दाट. लहरीने हलवलेले इलेक्ट्रॉन हवेच्या रेणूंवर आदळतात आणि लहरीची शक्ती उष्णतेत जिरून जाते. कंदिलाची ज्योत पेटलेली आहे, पण काच काजळलेली आहे, असा हा प्रकार. सूर्य मावळला की खालच्या दाट हवेतले इलेक्ट्रॉन अणूंना झपाट्याने पुन्हा चिकटतात आणि काच पुसली जाते. वरच्या विरळ थरात मात्र पुरेसे इलेक्ट्रॉन रात्रभर शिल्लक राहतात. म्हणून दिवसा शे-दोनशे किलोमीटरवर संपणारे केंद्र रात्री हजार किलोमीटरवर ऐकू येते.

या आरशाचा शोध लागला त्याची हकीगत आमच्या ओट्यावरच्या हकीगतीहून फार वेगळी नाही. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने इंग्लंडच्या किनाऱ्यावरून पाठवलेले संकेत अटलांटिकपलीकडे न्यू फाउंडलंडमध्ये ऐकल्याचे जाहीर केले. पृथ्वी गोल, लहर सरळ जाणारी. मग ती वळली कशी? १९०२ साली अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडात हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे सांगितले, की वर विद्युत्वाहक थर असला पाहिजे. पण असला पाहिजे हे म्हणणे निराळे आणि आहे हे दाखवणे निराळे. ते दाखवले अॅपल्टन आणि बार्नेट यांनी, डिसेंबर १९२४ मध्ये. मध्यरात्रीनंतर, रोजचे कार्यक्रम संपल्यावर, बोर्नमथचे नभोवाणी केंद्र त्यांच्यासाठी चालू ठेवण्यात आले; ऑक्सफर्डला ग्राहकयंत्र मांडले; आणि केंद्राची तरंगलांबी हळूहळू बदलत असता आवाज किती वेळा चढतो-उतरतो हे मोजले. जमिनीवरची लहर आणि आकाशातून आलेली लहर एकाच वेळी, एकाच तालात पोचल्या तर आवाज दुप्पट. एक वर असता दुसरी खाली असेल तर दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. या चढउतारांच्या संख्येवरून थराची उंची निघाली, साधारण ९०-१०० किलोमीटर. या कामासाठी अॅपल्टनला १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनी या क्षेत्रात मोलाचे काम केले. वरच्या वातावरणावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ जगभर वापरला गेला.

बोर्नमथ ते ऑक्सफर्ड हे सरळ रेषेतले अंतर सुमारे १२० किलोमीटर. पुणे ते नगर सुमारे ११०. ऑक्सफर्ड त्यांना सोयीचे पडले ते याच कारणाने: एवढ्या अंतरावर थकलेली जमिनीची लहर आणि उतरून आलेली आकाशाची लहर रात्री जवळजवळ सारख्या जोराच्या असतात. त्याहून जवळ असाल तर जमिनीची लहर वरचढ, आवाज स्थिर. फार दूर असाल तर आकाशाची एकटीच, आवाज बराच काळ चांगला. मधला पट्टा भांडणाचा. मोठ्या केंद्राभोवती साधारण १०० ते २०० किलोमीटरचे हे कडे असते, आणि पुण्याभोवतीच्या कड्यात नगर, पाथर्डी, संगमनेर असा आपला बराच जिल्हा येतो. अॅपल्टनने प्रयोगासाठी जी जागा मुद्दाम निवडली, ती आपल्याला जन्मतःच मिळाली आहे. एकूण, आमच्या गावाला खराब म्हणणारा तो दुरुस्तीवाला नकळत भौतिकशास्त्र बोलत होता.

थोडे गणित करून पाहू. पेन्सिल लागणार नाही. पुणे केंद्राची तरंगलांबी ३७८.८ मीटर, निवेदनात ७९२ किलोहर्ट्झबरोबर हा आकडा आपण असंख्य वेळा ऐकला आहे. जमिनीवरून नगर ११० किलोमीटर, आणि १०० किलोमीटर वर जाऊन येणारी वाट सुमारे २३०. दोन्ही वाटांतला फरक सुमारे १२० किलोमीटर, म्हणजे तीनशेहून अधिक लहरी. त्यात अर्ध्या लहरीचा, सुमारे १९० मीटरचा, फरक पडला की मेळाचे भांडण होते. त्यासाठी वरचा थर केवळ शंभरएक मीटर खालीवर व्हायला हवा. शंभर किलोमीटर उंचीच्या ढगासारख्या वस्तूत एक हजारांश हालचाल! ती तर क्षणोक्षणी चालूच असते. मग कांद्याचा भाव ऐन वेळी बुडाला यात नवल नाही.

आता तुम्ही रात्रीच्या बसमध्ये बसला आहात असे समजा. नगर-पुणे रस्त्याला इतिहास आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी याच रस्त्यावर धावली. सुप्याहून नगरकडे येताना बस पुण्यापासून दूर जात असते. दर मीटरला जमिनीची वाट एक मीटरने वाढते, पण आकाशाची वाट तिरपी असल्याने जवळजवळ अर्ध्या मीटरनेच. म्हणजे सुमारे पावणेचारशे मीटर बस पुढे गेली, की वरचा थर अगदी स्तब्ध असला तरी, मेळाच्या जागी भांडण येते. बसचा वेग ताशी ४५ किलोमीटर धरला तर त्याला अर्धा मिनिट लागते. रात्री प्रवासात पुणे केंद्र झोके घेते ते असे. आवाज बुडताना घोगरा का होतो, तेही यातच आहे. आवाजातले बारीक आणि जाड सूर किंचित वेगवेगळ्या लांबीच्या लहरींवर स्वार असतात. सगळे एकाच वेळी बुडत नाहीत, काही आधी गायब होतात, आणि उरलेल्यांचे कडबोळे कानावर येते.

घाटातली गोष्ट मात्र निराळी. करंजी घाटात प्रत्येक वळणावर आवाज चढतो-उतरतो, त्याचे खापर लोक डोंगरावर फोडतात. डोंगराचा थोडा हात असेल. परंतु बराचसा दोष तुमच्या मांडीवरच्या रेडिओचा. त्याच्या पोटात फेराइटची एक काळी दांडी असते. केंद्राच्या दिशेला ती आडवी असेल तर सर्वांत जास्त ऐकते. तिचे टोक केंद्राकडे रोखले गेले की जवळजवळ बहिरी होते. बस वळली, दांडी वळली. शिवाय बस म्हणजे पत्र्याचा डबा; पावणेचारशे मीटरच्या लहरीला खिडकीच्या चौकटीतून आत शिरणे अवघड. रेडिओ खिडकीशी धरावा, आणि वळणावर आपण त्याला उलटे वळवावे. शेजारचा प्रवासी चमत्कारिक नजरेने पाहील, त्याला इलाज नाही.

आणि ते कानडी गृहस्थ? ते धारवाडचे. १९७८ पासून आपल्या भागातली मध्यमलहरी केंद्रे नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवण्यात आली. पुणे ७९२, धारवाड ७६५, हैदराबाद ७३८, नागपूर ५८५; सगळे नवाच्या पाढ्यातले आकडे, प्रत्येकाच्या अंकांची बेरीज करून पाहा. छोट्या ट्रान्झिस्टरच्या तबकडीवर हैदराबाद, धारवाड आणि पुणे बोटभर रुंदीत ओळीने बसत. धारवाड नगरपासून सरळ ४०० किलोमीटर. तिथे भांडण नाही; आकाशाची एकच लहर, म्हणून ते गृहस्थ पुण्यापेक्षा स्पष्ट बोलत.

नकाशावर एक गंमत करता येते. आकाशाची लहर साधारण दोन ठिकाणांच्या बरोबर मध्यावर, वरच्या थराला टेकून परतते. नागपूर-नगरचा मध्य वाशीमजवळ येतो. हैदराबाद-नगरचा लातूरजवळ, धारवाडचा आटपाडीच्या बाजूला. तेव्हा नागपूर कसे लागेल हे नगरच्या हवेवर अवलंबून नसून वाशीमच्या डोक्यावर १०० किलोमीटर उंचीवर काय चालले आहे यावर अवलंबून असते. आणि सूर्य पूर्वेकडे आधी मावळतो. नागपूरला तो नगरच्या आधी १७ मिनिटे बुडतो, कलकत्त्याला जवळजवळ ५५ मिनिटे. म्हणून संध्याकाळी पूर्वेकडची केंद्रे आधी जागी होतात, धारवाडसारखी दक्षिणेची मागाहून. मात्र जमिनीवर अंधार पडला तरी ८० किलोमीटर उंचीवर आणखी अर्धा तास ऊन असते, त्यामुळे काच लगेच पुसली जात नाही.

या रात्रीच्या वाटेचा सरकारनेही विचारपूर्वक उपयोग केला. १९८८ साली आकाशवाणीने राष्ट्रीय वाहिनी सुरू केली. ती रात्रीची वाहिनी होती, आणि देशाच्या मध्यावरच्या नागपुराहून १५६६ किलोहर्ट्झवर १००० किलोवॅट शक्तीने ती निघे. रात्रपाळीचा कामगार, पहारेकरी, मालमोटार चालवणारा, कारखान्याच्या गव्हाणीसमोर गाडी लावून थंडीत बसलेला ऊसवाला, असा तिचा श्रोता. गाळपाचा हंगाम हिवाळ्यातला. रात्री लांब, विजांची खरखर कमी, म्हणजे दूरचे ऐकायला वर्षातला उत्तम काळ. २०१९ च्या आरंभी ही वाहिनी बंद झाली.

नगरला आकाशवाणीचे स्वतःचे केंद्र आले ते एफएमचे. त्याचा आवाज स्वच्छ, खरखर नाही, बुडी नाही. पण एफएमच्या लहरी सुमारे तीन मीटरच्या. आयनांबर त्यांना परत पाठवीत नाही, त्या आरपार निघून जातात. (याच आरपार जाण्यामुळे जुन्नर भागातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला ताऱ्यांचे ऐकू येते.) त्यामुळे एफएम नजरेच्या टप्प्यापर्यंत. डोंगर आडवा आला की संपले. अकोल्याच्या खोऱ्यात हे कोणालाही पडताळता येईल. मोबाइलचे मनोरे आले, हे खरे. पण मनोऱ्याला वीज लागते, आणि वादळात किंवा पुरात तो आधी गप्प होतो. पाचशे किलोमीटरवरचे केंद्र मात्र आपल्या गावचे खांब पडले तरी बोलत राहते, आणि ते ऐकायला दोन सेल पुरतात. मध्यमलहरींची केंद्रे एकेक करून बंद करताना हा हिशेब कोणी मांडला असेल, तर तो लोकांसमोर यायला हवा होता.

ज्यांच्या घरी जुना ट्रान्झिस्टर माळ्यावर पडला आहे त्यांनी तो आज काढावा. घरात लावू नये. एलईडीचे दिवे, इन्व्हर्टर आणि मोबाइलचे चार्जर मध्यमलहरींवर भयंकर गुरगुरतात. भारनियमनाच्या काळात वीज गेली की रेडिओ अचानक स्वच्छ ऐकू येई, ते यामुळेच. सूर्यास्तानंतर तासाभराने गावाबाहेर मोकळ्या माळावर, विजेच्या तारांपासून दूर उभे राहावे, सुई अगदी सावकाश फिरवावी, आणि आवाज लागला की रेडिओ स्वतःभोवती एक फेरा फिरवून पाहावा. ज्या स्थितीत आवाज नाहीसा होईल, तिथे दांडीचे टोक केंद्राच्या रेषेत आहे. वडिलांना हे मी दाखवले तेव्हा त्यांनी रेडिओ हातात घेऊन कानडी गृहस्थांना गप्प केले, मग पुन्हा बोलते केले, आणि म्हणाले, "म्हणजे धारवाड तिकडे." बोट अगदी दक्षिणेकडे होते.