घातलंच नव्हतं ते तेल वाचलं कसं?

‘एअर फ्रायरमध्ये केलाय, तेलाचा थेंब नाही, त्यामुळे बिनधास्त खा.’ घरगुती पिझ्झा बाइट्स, ब्रेड पिझ्झा, पिझ्झा पॉकेट, चीज भरलेले गोळे अशा कोणत्याही खाऊच्या रेसिपीखाली हे वाक्य हमखास असतं. मुलांच्या डब्याबद्दलच्या गप्पांत, वजन कमी करण्याच्या सल्ल्यांत, उपकरणांच्या दुकानात सगळीकडे ते इतक्या खात्रीने सांगितलं जातं की कोणी साधा प्रश्नही विचारत नाही: तेल वाचलं, पण कशाच्या तुलनेत? पिझ्झा ओव्हनमध्ये भाजतात, ब्रेड पिझ्झा तव्यावर झाकण ठेवून करतात. नेपल्समध्ये तळलेला पिझ्झाही मिळतो हे खरं, पण आपल्या घरात कढईत तेल तापवून त्यात ब्रेड पिझ्झा कोणी सोडत नाही. म्हणजे जो पदार्थ कधी तळलाच जात नव्हता, त्यातलं तळणाचं तेल वाचवल्याचं श्रेय एका यंत्राला दिलं जातंय. आणि या श्रेयाच्या आधारावर घरातली माणसं एरवी खाल्ले असते त्यापेक्षा दोन तुकडे जास्त खातात. मूळ तक्रार त्याबद्दल आहे.

यंत्र काय करतं ते आधी पाहू. वरच्या बाजूला तापणारी कॉइल, तिच्याजवळ पंखा, खाली अरुंद जागेत जाळीची टोपली, एवढंच त्याचं अंतरंग. पंखा गरम हवा वेगाने फिरवतो. पदार्थाभोवती तयार होणारा दमट, तुलनेने थंड हवेचा थर त्यामुळे सतत उडवला जातो, पृष्ठभाग लवकर कोरडा पडतो, कोरडा झाला की त्याचं तापमान शंभर अंशांच्या वर चढू लागतं आणि मग तो तांबूस, कुरकुरीत होतो. पंखा असलेल्या ओव्हनमध्ये हेच घडतं, फक्त जागा मोठी असल्यामुळे जरा सावकाश. फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या आयएफए प्रदर्शनात आपला एअर फ्रायर आणला आणि तिथून हे उपकरण घराघरांत पोहोचलं. पण गरम हवा पंख्याने फिरवून अन्न तापवण्याची कल्पना त्याहून बरीच जुनी. विल्यम मॅक्सन यांनी विमानातलं गोठवलेलं जेवण गरम करण्यासाठी १९४० च्या दशकातच तसा ओव्हन बनवला होता. त्यामुळे २०० अंशांवर पंख्याच्या ओव्हनमध्ये भाजलेला पिझ्झा बाइट आणि त्याच तापमानाला एअर फ्रायरमध्ये भाजलेला बाइट यांच्यात पोषणाच्या दृष्टीने सांगण्यासारखा फरक नाही. कणकेत घातलेलं तेल कणकेतच राहतं, चीजमधला स्निग्धांश चीजमध्येच राहतो. गरम हवा पाणी उडवते. स्निग्ध पदार्थ उडवून नेणं तिला जमत नाही.

आता हिशोब मांडू, कारण हिशोब मांडला की हा वाद फार काळ टिकत नाही. ब्रेडच्या दोन स्लाइसचा पिझ्झा घ्या. तव्यावर करताना चमचाभर, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम लोणी लागतं. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे त्यातून ४ ग्रॅम स्निग्धांश आणि सुमारे ३६ किलोकॅलरी मिळतात. एअर फ्रायरमध्ये केल्याने वाचतं ते एवढंच. त्याच ब्रेडवर ६० ग्रॅम मोझरेला किसून घातलं, तर चीजमधूनच जवळपास १३ ग्रॅम स्निग्धांश येतो, कारण साध्या मोझरेलात १०० ग्रॅममागे २० ते २५ ग्रॅम स्निग्धांश असतो. चीजच्या कॅलरी पावणेदोनशेच्या आसपास, ब्रेडच्या दीडशेच्या आसपास. सॉस आणि भाज्या सोडल्या तर सगळी बेरीज तव्यावर सुमारे ३६० आणि एअर फ्रायरमध्ये सुमारे ३२५. बचत झाली, नाही असं नाही, पण ती दहाव्या हिश्श्याची. ‘तेल नाहीच, मग चीज घाल की जरा जास्त’ असं म्हणत ३० ग्रॅम चीज वाढवलं, तर ६ ते ७ ग्रॅम स्निग्धांश वाढतो आणि वाचवलेल्या चमचाभर लोण्याची दीडपट भरपाई होते. ज्यांना खरोखर हलका पिझ्झा हवा आहे, त्यांनी किसणीकडे बघायला हवं. टोपलीकडे बघून काही हाती लागणार नाही.

यावर नेहमीचे आक्षेप येतात आणि त्यांतले काही अगदीच चूक नाहीत. पहिला आक्षेप असा की जाळीतून जादा चरबी खाली गळून जाते. कातडीसकट चिकन भाजताना ती गळते, हे टोपलीखालच्या भांड्यात दिसतं. पिझ्झात मात्र चीजच्या खाली ब्रेड किंवा बेस असतो आणि वितळलेलं चीज जे काही तूप सोडतं ते बहुतांश तिथेच मुरतं. दुसरा आक्षेप, चीजमध्ये प्रथिनं आणि कॅल्शियम असतं. असतंच, आणि वाढत्या मुलांना त्याचा उपयोगही होतो. पण ते चीजचं श्रेय आहे. तव्यावर वितळवलं तरी ते तेवढंच राहतं. तिसरा आक्षेप सगळ्यात सशक्त आहे: पिझ्झा समोसा, पिझ्झा पफ, ब्रेड रोल हे पदार्थ आपल्याकडे खरंच तळले जातात, मग तिथे तर फायदा होतो ना? होतो, आणि तो मोकळेपणाने मान्य करायला हवा. तळलेली पारी तेल शोषते. दोन चमचे शोषलं तरी ९० किलोकॅलरी वाढल्या. बटाट्याच्या फिंगर चिप्सवर ‘जर्नल ऑफ फूड सायन्स’मध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासातही एअर फ्रायरमधल्या चिप्समध्ये तळलेल्यांपेक्षा कितीतरी कमी तेल आढळलं होतं. शिवाय कढईतलं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवण्याचा प्रश्नच उरत नाही, हा फायदा मला कॅलरींच्या बचतीपेक्षाही मोठा वाटतो. वापरलेल्या तेलात साठत जाणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरू नये, असा एफएसएसएआयचा नियम आहे. तो व्यावसायिकांसाठी केलेला असला तरी तेल घरच्या कढईतही तसंच बिघडतं.

पण इथेही एक मेख आहे. पफ बाजारच्या पफ शीटचा असेल, तर त्याचे पापुद्रे सुटतात तेच मुळी थराथरात घातलेल्या मार्गरिनमुळे किंवा लोण्यामुळे. खारीचंही तसंच. तो स्निग्धांश बाहेरून चढलेला नाही, आत लाटलेला आहे, आणि कोणतंही यंत्र तो काढून घेऊ शकत नाही. गोठवलेल्या तयार पाकिटांची गोष्ट आणखी फसवी. त्यांतले बरेच पदार्थ कारखान्यात आधीच अर्धवट तळून गोठवलेले असतात. घरी वरून तेल घातलं नाही म्हणून ते बिनतेलाचे होत नाहीत. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत खाद्यतेल कितव्या क्रमांकावर आहे ते वाचावं. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते, त्यामुळे अंदाज लगेच येतो. पिझ्झासाठी म्हणून मिळणारं स्वस्त ‘चीज’ही असंच उलटून पाहावं. वनस्पती तेलापासून बनवलेल्या चीजसदृश पदार्थावर तो ‘अ‍ॅनालॉग’ असल्याचं लिहावं लागतं, पण पाकीट उलटेल कोण?

तेलाच्या या गदारोळात मीठ मात्र सुखरूप सुटतं, आणि याची चीड यावी असंच ते आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. प्रोसेस्ड चीजमध्ये १०० ग्रॅममागे सोडियम हजार मिलिग्रॅमच्या वर सहज जातं. त्यात ब्रेडमधलं मीठ, केचपमधलं मीठ, ऑलिव्ह आणि हॅलापिनो ज्या खाऱ्या पाण्यात मुरलेले असतात त्यातलं मीठ, वरून शिंपडलेल्या सीझनिंगमधलं मीठ. दोन स्लाइसच्या एका चटकदार ब्रेड पिझ्झात दिवसाच्या मर्यादेचा निम्मा वाटा संपू शकतो. गरम हवेला मिठाचं काहीही करता येत नाही. घरी करण्याचा खरा फायदा इथे आहे: टोमॅटो, लसूण आणि थोडं लाल तिखट आटवून सॉस स्वतः केला, तर मीठ आपल्या हातात राहतं.

‘थेंबभरही तेल नको’ या हट्टाने पदार्थही बिघडतो. तेलाचा पातळ थर उष्णता पृष्ठभागावर सारखी पसरवतो. तो नसेल तर बेसच्या कडा फिकट आणि चिवट होतात, आणि मग कुरकुरीत करण्याच्या नादात लोक वेळ वाढवतात. हे जास्त वाईट. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर भाजताना किंवा तळताना त्यांत अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं. ते अन्नात सापडतं हे २००२ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, आणि कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलेलं आहे. एअर फ्रायरमध्ये ते तयार होत नाही, हा समज चूक आहे. रंग जितका गडद तितकं ते जास्त. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०१७ मध्ये लोकांना सोनेरी रंगावर थांबायला सांगितलं ते याचसाठी. यीस्ट घालून नीट आंबवलेल्या पिठात ते कमी तयार होतं, कारण ज्या अमिनो आम्लापासून ते बनतं ते अ‍ॅस्परॅजिन यीस्ट वापरून टाकतं. तेव्हा पाव चमचा तेल ब्रशने कडांना लावावं, सोनेरी रंग आला की टोपली बाहेर काढावी.

बाकीचे समज थोडक्यात. एअर फ्रायरमधून घातक किरणं निघतात असं म्हणतात. त्यात मायक्रोवेव्हसुद्धा नसतात, इस्त्रीसारखी तापणारी कॉइल असते. नॉनस्टिक थरातून विषारी वायू येतो म्हणतात. टेफ्लॉनचं विघटन २६० अंशांच्या पुढे जोर धरतं आणि ही यंत्रं बहुधा २०० अंशांवर थांबतात, मात्र थर सोलून निघत असेल तर टोपली बदलावी. वीज फार खातो हेही खरं नाही: १५०० वॅटचं यंत्र ८ मिनिटं चाललं तर ०.२ युनिट. चीजऐवजी पनीर घातलं की हलकं होतं म्हणतात, पण नियमानुसार साध्या पनीरमधल्या पाणी वगळून उरलेल्या भागात निम्मा तरी स्निग्धांश असावा लागतो, म्हणजे १०० ग्रॅममागे किमान २० ग्रॅम. हलकं हवं असेल तर लो-फॅट पनीर वेगळं मागावं लागेल. गव्हाच्या पिठाच्या बेसला मैद्यापेक्षा कॅलरी फार कमी असतात असंही नाही. तिथे मिळतो तो जास्तीचा तंतुमय भाग, आणि तो मोलाचा आहे. पिझ्झेरियासारखा पिझ्झा घरी होईल ही अपेक्षाही सोडावी. नेपल्सचा पिझ्झा लाकडाच्या भट्टीत सुमारे ४८५ अंशांना ६० ते ९० सेकंदांत होतो. २०० अंशांवर चांगला होतो तो छोटा, पातळ, कुरकुरीत खाऊ.

तो चांगला व्हावा म्हणून टोपली गच्च भरू नये, हवेला फिरायला वाट हवी. बेस आधी दोन-तीन मिनिटं नुसता भाजून घ्यावा, म्हणजे सॉसने भिजून खालून गिच्च होत नाही. सिमला मिरची आणि कांदा बारीक चिरून पाणी सुटू द्यावं आणि ते पुसून मगच घालावेत. किसलेलं चीज सॉसमध्ये थोडं दाबून बसवावं, कारण पंख्याचा झोत सुटं चीज आणि ओरेगॅनो उडवून कॉइलकडे नेतो. याच कारणाने बेकिंग पेपर रिकाम्या टोपलीत ठेवून यंत्र तापवू नये. वर वजन नसलेला कागद उडून कॉइलला चिकटतो आणि पेट घेऊ शकतो.