भोनची मातीची कडी

बुलडाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या काठी भोन आहे. इथल्या जुन्या पांढरीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने २००२ पासून काही वर्षं उत्खनन केलं आणि मौर्य-सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली. नाव झालं ते विटांच्या स्तूपाचं. त्या वस्तीचा रोजचा व्यवहार मात्र कळतो तो मातीच्या कड्यांच्या विहिरींवरून.

पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचे थर खोल आहेत. नुसता खड्डा खणला तर कडा ढासळतात, आणि बांधून काढायला दगड हाताशी नाही. म्हणून कुंभाराने मोठी कडी घडवून भाजायची आणि खड्ड्यात एकावर एक उतरवायची. माती धरून राहते, सांध्यांतून पाणी झिरपतं. हीच कडी घराच्या मागे बसवली तर सांडपाणी जिरवणारा शोषखड्डा होतो. तक्षशिला, हस्तिनापूर, उज्जैन इथेही अशी कडी सापडली आहेत. विहीर की शोषखड्डा, हे ठरवायला तळ बघावा लागतो: खोली पाण्यापर्यंत गेली होती का, तळाशी पाणी भरताना पडलेली भांडी आहेत की कुजका गाळ.

     पूर्णाकाठी प्रश्न पाण्याचा होता, आणि या खारपाणपट्ट्यात तो अजून आहे.

त्यासाठीच जिगाव सिंचन प्रकल्प होतो आहे आणि भोनचं स्थळ त्याच्या बुडित क्षेत्रात येतं. शेतीला गोडं पाणी हवं, यात वाद नाही. नागार्जुनसागर धरणाच्या वेळी नागार्जुनकोंड्याचे अवशेष उचलून उंचावर पुन्हा मांडले गेले होते. स्तूपाचं तसं करता येईल, कडीही संग्रहालयात नेता येतील. पण कोणतं कडं कोणत्या घरामागे, कोणत्या थरात, किती खोल होतं, हे उचलून नेता येत नाही. ते पाणी चढण्याआधी मोजून, रेखाटून ठेवावं लागतं; नाहीतर हाती उरतील ती नुसती मोठी मडकी.